पाटीवरचं वाकडं बोट

साहेब संडासाचं दार उघडून बाहेर आले तेव्हा समोर सतरा माणसं रांगेत उभी होती. प्रत्येकाच्या हातात अर्ज होता. सगळ्यांत पुढं एक म्हातारी होती. तिनं वाकून साहेबांचे पाय धरले आणि अर्ज वर केला. साहेबांच्या एका हातात टमरेल होतं. त्यांनी दुसऱ्या हातानं अर्ज घेतला, कारण घेतल्याशिवाय ती पाय सोडत नव्हती.

ही सतरा माणसं तिथं मी आणली होती. म्हणजे माझ्या बोटानं.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. जागा मिळेल तिथं कचेऱ्या थाटल्या जात होत्या. ही एका जुन्या गोदामात थाटलेली. कुठली ते सांगत नाही, चूक माझी होती, कचेरीचं नाव कशाला खराब करू. गोदामाला लांब व्हरांडा होता. सरळ चालत गेलं की टोकाला अर्ज घ्यायच्या खिडक्या. मधेच भिंतीत एक मोकळं दार, तिथून तीन पायऱ्या मागच्या अंगणात उतरायच्या आणि अंगणाच्या टोकाला साहेबांसाठी नवाकोरा संडास बांधलेला. त्या मोकळ्या दाराच्या वर आमची पाटी लटकवलेली होती. ‘अर्ज स्वीकारण्याच्या खिडक्या’ आणि त्याखाली दाखवणारा हात. हातानं उजवीकडं, सरळ दाखवायचं होतं. दाखवतही होता. फक्त बोटाचं शेवटचं पेर खाली वळलेलं होतं, नेमकं पायऱ्यांकडं.

सकाळी पहिला माणूस पायऱ्या उतरला. समोर नवं दार, हिरवाकंच रंग, वर चकचकीत पत्रा. त्यानं अंगण झाडणाऱ्या शिपायाला विचारलं, “आत सायब हायत का?”

“हायत,” शिपाई म्हणाला. “बसलेत. दम धरा.”

तो उभा राहिला. त्याच्यामागं दुसरा आला. आमच्या भागानं दुष्काळ काढलेला आहे. पाण्याला रांग, धान्याला रांग, वाटपाच्या सुकडीला रांग. त्या दिवसांनी लोकांना एक शिकवलं, रांग दिसली की आधी उभं राहायचं, कशाची ते नंतर विचारायचं. म्हातारी शेवटी आली होती, पण वयामुळं तिला पुढं सोडलं होतं. म्हणून पाय धरायचा मान तिचा.

मी तेव्हा व्हरांड्यात शिडी धरून उभी होते. शिडीवर नवरा दुसरी पाटी ठोकत होता. अंगणातून साहेबांचा आवाज आला, “हे काय चाललंय? कुणी पाठवलं यांना इकडं?”

म्हातारी बोलली, “कुणी न्हाई सायब. बोट दावतंय की इकडं.”

 हे काम आम्हाला चाचणीवर मिळालं होतं. सहा पाट्या लावून दाखवा, पसंत पडल्या तर बाकीच्या सगळ्या तुमच्या, असं बडे बाबूंनी, म्हणजे तिथल्या हेडक्लार्कनं, सांगितलं होतं. बाकीच्या म्हणजे नव्या जिल्ह्यातल्या त्या खात्याच्या यच्चयावत पाट्या. त्या मिळाल्या तर लातुरात बस्तान बसणार होतं. नाही मिळाल्या तर परत नांदेडला, आणि मला परत दुसऱ्याच्या बांधकामावर पाटी उचलायला जायचं होतं. लिहायची पाटी नव्हे, सिमेंटची.

दुसरी भानगड अशी होती की पाटीच्या कोपऱ्यात नवऱ्याचं नाव होतं, आणि पाटी मी काढलेली होती.

हे कसं झालं ते सांगते. मी भोकरकडची. चौथीपर्यंत शाळा. पुढं बापानं शाळा थांबवली. मला वाईट वाटलं असं म्हणायला बरं वाटेल, पण वाटलं नव्हतं. शाळेत मला वाचण्यापेक्षा अक्षरं बघायला आवडायची. ‘ह’ला पोट आहे, ‘र’ लंगडा आहे, ‘ळ’ दोन भाकऱ्या थापल्यासारखा. धडा काय म्हणतो ते कधी डोक्यात शिरलं नाही. अजूनही मी बोट ठेवून वाचते.

नवरा नांदेडचा पेंटर. तरुणपणी एका मोठ्या पेंटरकडे सिनेमाच्या जाहिरातीची कापडं रंगवायला होता. हात असा की दोरी न लावता सरळ रेघ ओढायचा. लग्नानंतर तो अक्षराच्या कडा काढायचा आणि मी आतला रंग भरायची. भरायचं काम बायकांनी केलं तर कुणाची हरकत नसते. गोधडीचं तसं, पाटीचं तसं. पुढं त्याचा उजवा हात थरथरायला लागला. लोक म्हणाले दारू. त्यानं आयुष्यात दारू घेतली नाही, उलट घेतली असती तर निदान कारण तरी मिळालं असतं. हात नुसता थरथरायचा. मग हळूहळू कडाही मीच काढायला लागले. तो पुढं बसून गिऱ्हाइकाशी बोलायचा, मी मागं पोत्याच्या पडद्याआड रंगवायची, आणि शेवटी तो दोन्ही हातांनी ब्रश धरून कोपऱ्यात आपलं नाव टाकायचा. त्या नावाला पाचदहा मिनिटं लागायची. तेवढ्यात मी एक ‘किराणा’ काढून मोकळी व्हायची.

हे लपवणं त्याची इच्छा होती असं नाही. मलाच वाटायचं की बाईनं काढलेली पाटी कुणी लावणार नाही. विचारलं कुणालाच नव्हतं. न विचारताच नाही म्हणून घेतलं होतं. माझ्या शहाणपणाचा हा पहिला नमुना.

आणि बोट. मोठ्या दुष्काळात पाट्यांचं काम बंद पडलं. खायला नाही तिथं दुकानाला पाटी कोण लावतो? आम्ही दोघं खडी फोडायला गेलो. तिथं एकदा माझ्याच हातातला हातोडा माझ्याच डाव्या बोटावर बसला. हाताच्या अंगठ्याशेजारचं बोट. चिंधी बांधली आणि काम चालू ठेवलं. ते वाकडं जुळलं. शेवटचं पेर खाली वळलं ते वळलंच.

त्या खडीवर आणखी एक झालं होतं, ते तेव्हा मला महत्त्वाचं वाटलं नाही. बायका दिवसभर खडी फोडून ढीग घालायच्या आणि संध्याकाळी मोजमाप व्हायचं. शेजारी शेजारी ढीग. कुणाचा कुठला यावरून रोज भांडणं, झिंज्या धरण्यापर्यंत. मुकादम ढिगावर नंबर लिहायचा, पण नंबर वाचणार कोण? एका बाईनं मला म्हटलं, “माय, तुला चित्र येतंय म्हणं. माझ्या ढिगावर कायतरी काड, मला वळखू येईल असं.” मी चुन्यात बोट बुडवून वरच्या दगडावर कोंबडी काढली. दुसरीला सांडशी, तिसरीला पाळणा. तिला नुकतीच पोरगी झाली होती. भांडणं थांबली. एक बाई मात्र रुसून बसली, कारण तिला मी विंचू काढला होता. स्वभावावरून काढला होता. तिनं ढीग मोजून घेतला, पण वर्षभर माझ्याशी बोलली नाही.

दुष्काळ सरला आणि मी हे विसरले. पाट्या परत सुरू झाल्यावर मी कोंबड्या-बिंबड्या काढायचं सोडून दिलं. मला वाटलं, आता आपण कलाकार. अक्षराला सावली, सावलीला दुसरी सावली, वेलांटीला फूल. आमच्या वस्तीतल्या विहाराची पाटी मी निळ्यावर पांढरी काढली, ती साधी होती म्हणून मला स्वतःला आवडली नव्हती. लोक अजून तिचंच कौतुक करतात.

मग लातूर जिल्हा झाल्याचं कळलं. नवऱ्याच्या डोक्यात पटकन आलं. एरवी त्याच्या डोक्यात पटकन काही यायचं नाही. तो म्हणाला, “अगं, आजपातुर सगळ्या पाट्यांवर जिल्हा उस्मानाबाद. आता समद्या बदलाव्या लागणार. दुकानाच्या, दवाखान्याच्या, शाळेच्या.” शिडी एसटीच्या टपावर बांधली, दोन डबे मांडीवर घेतले आणि आम्ही आलो. उस्मानाबादवर पट्टा मारून लातूर लिहायचं काम आम्ही इतकं केलं की मी ते तीन अक्षरी गाव डोळे मिटूनही काढलं असतं. त्यात मला कला कुठं दिसेना, म्हणून कचेरीच्या सहा पाट्या मिळाल्या तेव्हा मी सगळी हौस फेडली. अक्षरांना सोनेरी कड. आणि दाखवणारा हात तर मनगटापासून, नखांसकट, खरा वाटावा असा.

हात काढायला समोर हात लागतो. उजव्यात ब्रश, म्हणून मी डावा समोर धरला आणि हुबेहूब काढला. दहा वर्षं ते बोट माझ्या ताटात, पिठात, रंगात होतं. मला ते सरळच दिसायचं. नवऱ्यानं पाटीची प्रत्येक रेघ दोरी लावून तपासली. बोट तपासलं नाही. त्यालाही ते सरळच दिसलं.

तर अंगणातून साहेब वर आले. मागून बडे बाबू, मागून रांग. रांग मोडली नव्हती, साहेब जिकडं चालले तिकडं ती वळत होती.

“पेंटर कोण?” साहेबांनी विचारलं. ते पुण्याकडचे होते, बोलणं धुतल्यासारखं स्वच्छ.

नवरा शिडीवरून उतरला. “मीच सायब.”

“हे बोट तुम्ही काढलंत?”

“हाव सायब.”

“हात पुढं करा.”

त्यानं हात पुढं केला. हात थरथरत होता. साहेबांनी पाटीकडं बघितलं, हाताकडं बघितलं. बडे बाबू म्हणाले, “साहेब, मी तर कोपऱ्यातलं नाव बघून काम दिलं.” कोपऱ्यातलं नाव खरंच थरथरलेलं होतं, ते तेवढं नवऱ्याचंच.

 मी शिडी घट्ट धरली. तीच चूक झाली, कारण त्यामुळं माझा डावा हात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आला. म्हातारी जवळ आली. तिनं माझ्या बोटाकडं बघितलं, मान वर करून पाटीकडं बघितलं, आणि म्हणाली, “सायब, त्या माणसाला कामून तरास देऊन राहिलाव? ह्यो हात ह्या बाईचा हाय. बगा की. नकासकट.”

मी हात पदराखाली घेतला. सतरा माणसं हसली. साहेबही हसले असावेत, त्यांनी तोंड फिरवलं होतं. नवरा खाली बघत होता. मला लाज वाटली असं मी पुढं लोकांना सांगत आले. खरं सांगायचं तर मला आधी राग आला, आणि तो म्हातारीचा आला. कचेरीतल्या कुठल्याच शिकलेल्या माणसानं ती पाटी नीट बघितली नव्हती. बडे बाबूंनी मजकूर वाचला, साहेबांनी तोही नाही. नीट बघितली ती फक्त हिनं, कारण हिला वाचता येत नव्हतं. आणि मी सोनेरी कड मारली होती बडे बाबूंसाठी.

हे मला तिथंच उभ्या उभ्या कळलं असं नाही. तेव्हा मी फक्त म्हटलं, “बोट माझं हाय सायब. पाटी पण माझीच. एक डाव सुधरून देते.”

साहेब म्हणाले, “आज शनिवार. सोमवारी सकाळी कचेरी उघडेल. एक जरी माणूस चुकून मागं आला तर सहाच्या सहा पाट्या काढून घेऊन जा.”

बडे बाबू म्हणाले, “आणि बाई, साधं काढा. आमच्या लग्नाची पत्रिका नाही ती.”

साहेब खोलीत गेले. रांग शेवटी खिडक्यांकडं गेली. मी म्हातारीला थांबवलं. तिचा निराधाराचा अर्ज साहेबांच्या हातातच गेला होता, त्यामुळं ती दिवसभरासाठी मोकळी झाली होती. मी म्हटलं, “मावशे, तू फाटकापासून परत चालून ये. मघाशी आलीस तशीच.”

“आता कामून? माझं काम झालं की.”

“माझं राहिलंय.”

ती आली. मी तिच्या शेजारून चालले. ती वर बघतच नव्हती. फाटकात दगड होता, त्याकडं बघितलं. पायरी बघितली. चपला कुठं काढाव्यात ते बघितलं. मग भिंतीला हात लावून चालली, आणि पाटीखाली आली तेव्हा कुठं, पुढं चालणाऱ्या कुणाची पाठ दिसेना म्हणून, मान वर केली. आमच्या सहा पाट्यांपैकी तिला एक दिसली होती, बाकी पाच तिच्या डोक्यावरून गेल्या होत्या. साध्या अर्थानं, डोक्याच्या वरून.

“मावशे, वर बगत न्हाईस का?”

“वर काय हाय? ठेचाळंल की माणूस.”

मी विचारलं, “बाकीच्या पाट्या दिसल्या न्हाईत तुला? सोनेरी हायत.”

“सोनेरी असतील माय. मी काय लगीन लावायला आले होते?”

बडे बाबूंनीही पत्रिकाच म्हटलं होतं, हिनंही लग्नच काढलं. एकाच दिवशी दोघांनी तेच सांगितल्यावर मला ऐकावं लागलं.

रविवारी कचेरी बंद होती. शिपायानं फाटक उघडून दिलं आणि आम्ही दोघं सकाळपासून बसलो. मी पाट्या उतरवल्या. भिंतीवर कमरेच्या उंचीला, जिथं म्हातारीचा हात टेकत होता तिथं, फाटकापासून खिडक्यांपर्यंत चार बोटं रुंद पिवळा पट्टा ओढला. प्रत्येक खिडकीला तिची खूण दिली. निराधाराच्या खिडकीवर काठी. धान्याच्या कार्डाच्या खिडकीवर पोतं. जमिनीच्या खिडकीवर नांगर. खडीच्या ढिगावरची कोंबडी दहा वर्षांनी आठवली ती अशी, आणि आठवल्यावर मी स्वतःला दोन शिव्या घातल्या. विंचू कुणालाच काढला नाही. बडे बाबूंच्या खिडकीवर काढावासा वाटला होता.

शेवटी हात राहिला. पट्ट्यावर मधेमधे दाखवणारा हात हवाच होता. माझं बोट उपयोगाचं नव्हतं. मी नवऱ्याला म्हटलं, “तुमचा हात द्या.”

“माझा? आगं, त्यो थांबत न्हाई.”

“बांधते.”

त्याचा हात मी खुर्चीच्या पाठीला बांधला. सुतळी नव्हती, पदराची किनार फाडून मनगट आणि कोपर बांधलं. बोट तरीही हलत होतं. मग बोटाला काडी लावून चिंधी गुंडाळली. तो खुर्चीला बांधलेला, मी समोर ब्रश घेऊन, आणि शिपाई दारात उभा. शिपाई म्हणाला, “काय कबूल करून घेऊन राहिलाव बाई त्यांच्याकडून?”

नवरा म्हणाला, “तिला इचार. मला वीस वर्षांत कळलं न्हाई.”

त्याचं बोट बघण्यासारखं सरळ होतं. मी इतकी वर्षं त्या हाताचं थरथरणं बघत आले होते, बोट बघितलं नव्हतं. पाच हात काढले. काढून झाल्यावर त्याला सोडलं, तर म्हणाला, “आता कोपऱ्यात नाव तुझं टाक.”

मी म्हटलं, “माझं नाव कोण वळखणार?”

“मग बोट टाक. तुझं बोट तर समद्या कचेरीला ठाव झालंय.”

तो चेष्टेनं बोलला होता. पण मला पटलं. पाटीवर ज्या कोपऱ्यात त्याचं नाव असायचं, तसं पट्ट्याच्या टोकाला मी करंगळीच्या नखाएवढं एक वाकडं बोट काढलं, खाली वळलेलं, आणि त्याच्याखाली रेघ. ते बोट खाली वळलं होतं, पण तिथं ते कुणाला काही दाखवत नव्हतं.

सोमवारी सकाळी आम्ही फाटकासमोरच्या टपरीवर चहा घेऊन बसलो. माझा चहा तसाच थंड झाला. लोक यायला लागले. पहिला आला, दगड बघितला, पायरी बघितली, भिंतीला हात लावला आणि पट्ट्याबरोबर चालत गेला. मोकळ्या दाराशी थांबला. मी उभी राहिले. त्यानं खाली अंगणात वाकून बघितलं, पट्टा कुठं जातो ते बघितलं आणि सरळ गेला. दुसरा तसाच. एक बाई काठीच्या खुणेवर हात फिरवून मग खिडकीत वाकली. अकरा वाजेपर्यंत फाटकातून किती आत गेले याचा मी हिशेब सोडून दिला होता. पायऱ्यांवर कुणी उतरलं नव्हतं.

मग एक माणूस उतरला. घाईनं, दोन्ही बाजूंना बघत. नवऱ्यानं माझा दंड धरला. मी आत धावले. व्हरांड्यातून बघते तर बडे बाबू. हातात टमरेल.

साहेब त्यांच्या खोलीच्या खिडकीतून बघत होते. मला म्हणाले, “बाई, हा चुकून गेला की मुद्दाम?”

“तुमीच इचारा सायब,” मी म्हटलं. “अर्ज न्हाई दिसत हातात.”

बाकीच्या पाट्या आम्हाला मिळाल्या.

तिथून पुढं मी नशीब काढलं असं लोक म्हणतात. काढलं खरं. दवाखाना, बाजार समितीतल्या आडती, डॉक्टर, पुढं शिकवण्यांचे क्लास, शिरूर अनंतपाळपासून बिलोलीपर्यंत. पण मी काय केलं ते एवढंच, की रंगवायच्या आधी ज्याला ती जागा माहीत नाही असं एक माणूस दारातून चालवून बघायचं. ते कुठं बघतं, कुठं अडखळतं. गिऱ्हाईक पाटी मोठी करा म्हणायचं, मी खाली आणायची. दुकानदार आपलं नाव मोठं मागायचा, मी काय विकतो ते मोठं काढायची. भांडणं व्हायची. दोन दुकानदारांनी पाटी परत केली. त्यातल्या एकाचं बरोबर होतं, ते कापडाचं दुकान होतं आणि मी पाटीवर धोतराचं पान कफनासारखं असं पांढरंफट काढलं की लोक तिथं मयताचं सामान मागायला यायचे. तेव्हा मला फार कळायला लागलंय असं मला वाटत होतं. असं वाटायला लागलं की माझी पाटी बिघडते, हे मला तीनदा कळलं आणि तिन्ही वेळा उशिरा.

कोपऱ्यातलं बोट मात्र चाललं. लोक नावानं विचारायचे नाहीत. “ती वाकड्या बोटाची बाई कुठं बसते?” म्हणायचे. नांदेडला दुसऱ्या एका पेंटरनं माझी नक्कल म्हणून कोपऱ्यात बोट टाकलं. त्यानं सरळ टाकलं. मी जाऊन त्याला सांगून आले की बाबा, नक्कल करायची तर आधी हातोडा मारून घे.

मागं एकदा लातूरच्या एका चित्रकलेच्या वर्गात मला बोलावलं. मुलंमुली बरीच होती. फळ्यावर लिहिलेलं, मी बोट ठेवल्यासारखं डोळ्यांनी वाचलं, ‘कलेच्या जोरावर व्यवसाय’. एका पोरीनं विचारलं, “आजी, तुम्ही आधी सगळा विचार करून मग खुणा ठरवल्या का?”

मी हो म्हटलं. लोकांचा अभ्यास केला, दुष्काळात खडीवर पाहणी केली, मग ठरवलं, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. टाळ्या पडल्या. मला हारही घातला. संडासाची गोष्ट सांगितलीच नाही. हार घातलेल्या बाईनं कसं सांगावं? पोरीनं वहीत सगळं लिहून घेतलं, आणि ती बिचारी आता आधी विचार करत बसली असेल.

म्हणून हे लिहिलं. आधी चूक केली, ती सतरा माणसांसमोर उघडी पडली, आणि वाचता न येणाऱ्या एका म्हातारीनं ती वाचली. मग एका माणसाला खुर्चीला बांधलं. माझी सगळी कला एवढीच. कुणी विचारलंच तर त्या पोरीला हे दाखवा.

साहेब वर्षाच्या आत बदलून गेले. बडे बाबू निवृत्त झाले आणि वारले. म्हातारीला निराधाराचं मिळायला लागलं, दोन वर्षं मिळालं, मग ती गेली. गोदाम पाडून तिथं दुसरं काही बांधलं, पट्टा, काठी, पोतं, नांगर सगळं त्यात गेलं. नवऱ्याचा सरळ हात बाकी ठिकाणी अजून दिसतो, नवरा जाऊन मात्र बरीच वर्षं झाली. मी आहे.